भाजी मागितली, म्हणून भाजीच आली

"भाजी करू की साग करू?" मावशीनं विचारलं.

मी पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेसनं आलो होतो, डोक्यात अजून चाकं फिरत होती. प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग कानावरून गेला. "भाजी कर," म्हणालो. ताटात लाल माठासारखी लाल भाजी आली. संध्याकाळी पुन्हा तेच विचारलं, पुन्हा तेच सांगितलं. चेच भाजी आली. दुसऱ्या दिवशी दुपारी अमारी, म्हणजे आपली अंबाडी. तिसऱ्या दिवशी काकुळतीला येऊन म्हणालो, "मावशी, बटाट्याची, वांग्याची, कसली तरी भाजी कर ना गं." ती पदर तोंडाला लावून हसली. "मग साग म्हण की! इथं भाजी म्हटलं की पाला."

मावशी मूळची नागपूरची, लग्न होऊन भिलाईत आली त्याला चाळीस वर्षं झाली. काका पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले. तिच्या मराठीत आता नागपूर आणि छत्तीसगढ अशी दोन धरणं एकाच कालव्यात सोडल्यासारखं झालंय, त्यामुळे कुठला शब्द कुठून येईल सांगता येत नाही. पण भाजीच्या बाबतीत ती पक्की छत्तीसगढी आहे. तिथं दारावरून जाणारी बाई दुसरीला सहज विचारते, "का साग रांधे हस?" आज काय केलंस गं जेवायला, असा तो कुशलप्रश्न. शिजवलेली कुठलीही भाजी म्हणजे साग, आणि पालेभाजी ती भाजी. हिंदीत याच्या उलट: तिथं साग म्हणजे पाला. संस्कृतातल्या 'शाक'पासून निघालेला हा साग हिंदीत पाल्यापुरता राहिला, छत्तीसगढीत सगळ्या भाज्यांवर पसरला. आणि मराठीत जी भाजी सगळ्यांवर राज्य करते ती इथं पाल्यापुरती उरली. दोन शब्दांनी खुर्च्यांची अदलाबदल केली आणि मला तीन दिवस पाला खावा लागला.

त्या प्रश्नातला 'रांधे' ऐकून मात्र मला घरी गेल्यासारखं वाटलं. आपण रांधणं कधीच सोडून दिलं. आपण स्वयंपाक करतो, किंवा नुसतंच 'करतो'. रांधणं उरलं ते 'रांधा, वाढा, उष्टी काढा' एवढ्या तक्रारीत. इथं तो शब्द रोज चुलीवर चढतो. नांगर इथंही नांगरच. जेवण म्हणजे जेवन. म्हातारी ती डोकरी. अनोळखी गावात अनोळखी शब्द भेटले तर माणूस सावध असतो. ओळखीचे शब्द भेटले की गाफील राहतो, आणि फसतो तो तिथंच.

'क्वार्टर'चं घ्या. पहिल्याच संध्याकाळी काकांचे एक जुने सहकारी भेटायला आले. माझी चौकशी झाली. मग ते काकांकडे वळून समाधानानं म्हणाले, "आमचं पहिलं क्वार्टर लहान होतं. मग मोठं मिळालं. मोठ्या क्वार्टरमध्ये मुलं वाढली." महाराष्ट्रातून आलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर क्वार्टर म्हटल्यावर काय उभं राहतं हे मी सांगायला नको. आमच्याकडे तिला चपटीही म्हणतात आणि तिच्यात मुलं वाढवत नाहीत. भिलाईत क्वार्टर म्हणजे कारखान्यानं दिलेलं घर. सेक्टर अमुक, सडक तमुक, क्वार्टर नंबर अमुक, असा पत्ता. पोलीस क्वार्टर्स आपल्याकडेही आहेत, नाही असं नाही. पण आपण तो शब्द अनेकवचनात आणि आदरानं वापरतो, एकवचन दुसरीकडे गुंतलेलं आहे. मुळात दोन्ही एकच. लॅटिनमध्ये 'क्वार्तुस' म्हणजे चौथा. शहराचा चौथा भाग तो शहराचा क्वार्टर, आणि बाटलीचा चौथा भाग तो बाटलीचा. एकशेऐंशी मिलिलिटर हा साडेसातशेचा नेमका चौथा भाग होत नाही हे मान्य, पण सेक्टर सहाही काही भिलाईचा सहावा भाग नाही.

इथल्या स्टेशनांची नावंही अशीच खट्याळ. दुर्ग म्हणजे जिथं जायला कठीण. आपल्या सिंधुदुर्गाला, विजयदुर्गाला ते नाव शोभतं. इथं सपाट भातशेतात हावडा-मुंबई मार्गावरची गाडी दारात आणून सोडते. पुढचं स्टेशन भिलाई नगर, त्याच्या पुढचं भिलाई पॉवर हाऊस. 'पॉवर हाऊसला उतरा आणि रिक्षा करा,' असं इथं कुणी म्हटलं की झटका बसायची भीती नसते.

मला परदेशात आल्यासारखं वाटतंय, असं मी मावशीला म्हणालो, तर ती म्हणाली, "मग इथले लोक तुला काय म्हणतात वाटतं? परदेसिया!" छत्तीसगढबाहेरून आलेला तो परदेसिया. मला राग यायचं कारण नव्हतं, कारण आपण हेच केलेलं आहे. पेशवाईत उत्तर हिंदुस्थानातून चाकरीला आलेल्यांना मराठी मुलुखात परदेशी म्हणत. त्यांतल्या कित्येकांचं ते आडनावच होऊन बसलं, आणि आज परदेशी आडनावाची माणसं अस्सल पुणेरी मराठीत भांडतात. आपल्या देशाचीही व्याप्ती तेव्हा केवढी? घाट चढून वर आलं की देश. कोकणातला माणूस 'देशावर गेला' की चार नद्या ओलांडून गेल्यासारखं बोललं जाई. ज्याचा देश घाटमाथ्यापासून सुरू होतो त्याला काशीचा माणूस परदेशी वाटणारच.

शिवाय छत्तीसगढावर भोसल्यांचं राज्य होतं. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या सैन्यानं अठराव्या शतकाच्या मध्यात रतनपूर घेतलं, पुढे बिंबाजी भोसले तिथूनच कारभार पाहत राहिले. तेव्हा आपण इथं परदेशी म्हणून नव्हे, धनी म्हणून आलो होतो. धन्यांना गमतीदार निरीक्षणं करायला वेळ नसतो. ती पाहुण्यांची कामं.

तर पाहुणा म्हणून मी सकाळी बाजारात गेलो. टोपलीत पेरू होते. "कैसे दिए?" म्हटलं तर विकणारी म्हणाली, "बिही?" मी बोटानं दाखवलं. "हव, बिही."

आता हा 'हव'. छत्तीसगढीत हव म्हणजे हो. पुण्यात हवं म्हणजे पाहिजे. विदर्भातला माणूस हव ऐकून दचकत नाही, त्याच्याकडेही तो आहे. मी मात्र शेजारच्या दाईकडे (इथं दाई म्हणजे आई) जेवायला गेलो तेव्हा तिनं भाताचा डोंगर वाढला, आणि मी मावशीच्या कानात पुटपुटलो, "इतका कुणाला हवाय?" दाईनं त्यातलं 'हव' तेवढं ऐकलं आणि दुसरा डोंगर वाढला.

पण बिही. फारसीत 'बिही' हे वेगळ्याच फळाचं नाव. इराणात, अफगाणिस्तानात होणारं, पिवळं, सुवासिक, नासपतीच्या जातकुळीतलं ते फळ. भिलाईच्या मातीत ते उगवत नाही. तरी इथं पेरूला बिही म्हणतात. आता हिंदीतला अमरूद पाहा: फारसीत अमरूद म्हणजे नासपती. आणि आपला पेरू? पोर्तुगीजांच्या 'पेरा'वरून आला असं मानतात, आणि पेरा म्हणजे पुन्हा नासपतीच! झाड आलं अमेरिका खंडातून, पोर्तुगीजांच्या जहाजातून. ते इथं पाहिल्यावर प्रत्येकानं त्याला आपल्या ओळखीच्या फळाचं नाव देऊन टाकलं. कुणाला ते नासपतीसारखं दिसलं, कुणाला तिच्या चुलतबहिणीसारखं. प्रत्यक्षात ते दोघींसारखंही लागत नाही. नव्या ठिकाणी गेलेला माणूस, किंवा दारात नवी वस्तू आलेला माणूस, आधी डोळे चोळत नाही, आठवणीत चाचपडतो. हे कशासारखं आहे? एवढाच त्याचा प्रश्न असतो, आणि उत्तर चुकलं तरी नाव चिकटतं.

क्वचित तो उलटंही करतो. मावशीच्या गल्लीच्या टोकाला विलायती चिंचेचं झाड आहे. मेक्सिकोकडचं हे झाड. आपण त्याला विलायती म्हणून दूर ठेवलं. विलायत हा मुळात अरबी शब्द, अर्थ राज्य किंवा सुभा. पुढे कुठलाही दूरचा मुलूख, आणि शेवटी इंग्लंड. म्हणजे मेक्सिकोची चिंच आपण इंग्लंडच्या नावावर चढवली. इथले लोक त्याच झाडाला म्हणतात गंगा इमली. आपण त्याला पासपोर्ट मागितला, यांनी गंगास्नान घालून घरात घेतलं.

टोमॅटोला इथं म्हणतात पताल. पहिल्या दिवशी "पताल चटनी देऊ?" असं विचारल्यावर मला थेट सप्तपाताळं आठवली. चटणी चांगली होती. तिखट मात्र पाताळापर्यंत गेलं.

भिलाईत खरे परदेशी आले ते १९५५ नंतर. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी कारखान्याचा करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. मधल्या काळात रशियन तज्ज्ञ बायकामुलांसह इथं राहायला आले. बर्फातून आलेली ही माणसं मेमधल्या दुर्ग जिल्ह्यात! त्यांनी घरी पाठवलेल्या पत्रांत काय काय लिहिलं असेल, याचा मी आठ दिवस विचार करत होतो. त्यांची चेष्टा करावी म्हणून नव्हे. माझी शंका अशी की त्यांना सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं असेल ते अनोळखी गोष्टींचं नाहीच.

उदाहरणार्थ, ऑफिसातला पोरगा विचारायचा, "साब, चाय?" रशियनमध्येही चहा म्हणजे चायच. चिनी 'छा' खुश्कीच्या वाटेनं इराणमार्गे गेला तिथं तिथं चाय झाला. म्हणून मॉस्कोत चाय आणि दिल्लीतही चाय. आपण मात्र चहा म्हणतो. तो पोर्तुगीजांच्या 'शा'वरून, म्हणजे समुद्रमार्गानं आला असं म्हणतात. भिलाईत एका टेबलाशी रशियन इंजिनियर आणि मराठी फोरमन बसले असतील तर चहाच्या बाबतीत रशियन माणूस हिंदीला अधिक जवळचा होता, मराठी माणूस एकटा.

पण पुढं पाहा. भट्टीतली आग: रशियनमध्ये 'अगोन', आपला अग्नी. 'तू'ला ते 'ती' म्हणतात, आणि मोठ्या माणसाला 'वी', आपल्या तू-तुम्हीसारखं. एकाच ओठातून दोन पायऱ्या. सुक्याला 'सुखोय' म्हणतात. नाशिकजवळ ओझरला जी सुखोई विमानं तयार झाली त्यांच्या कर्त्याचं आडनाव म्हणजे निव्वळ 'सुका'. आणि मला सर्वांत आवडलेला शब्द: नवऱ्याच्या भावाला इंग्रजीत वेगळं नाव नाही, सगळे मेव्हणे-दीर-साडू एकाच पोत्यात. रशियनमध्ये आहे: 'देवेर'. संस्कृतात देवर, मराठीत दीर. म्हणजे दूर व्होल्गाकाठी नव्या सुनेनं ज्याच्याशी थोडं जपून बोलायचं तो, आणि वर्धेकाठी ज्याच्याशी थोडी थट्टा करायची तो, एकाच शब्दातून निघालेले. १९५५ साली ख्रुश्चॉव्ह भारतात आले तेव्हा 'हिंदी-रूसी भाई भाई'ची घोषणा घुमली. राजकारणात तिचं जे व्हायचं ते झालं. भाषाशास्त्रात ती तंतोतंत खरी आहे, कारण त्यांचा 'ब्रात' आणि आपला भाऊ दोघंही भ्राताच.

नावांचं तर विचारूच नका. निकिता सेर्गेयेविच ख्रुश्चॉव्ह: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. इतर प्रांतांतल्या लोकांना हे मधलं नाव कुठून आलं ते समजावून सांगावं लागतं. मराठी माणूस शाळेच्या पहिल्या दिवसापासून तसंच नाव लिहीत आलेला असतो.

आता त्या कारखान्याची पाटी. 'भिलाई इस्पात संयंत्र'. इस्पात हा शब्द संस्कृत असावा असं वाटायला लावणारा, भारदस्त. पण कोशकार त्याला पोर्तुगीज 'एस्पादा'शी जोडतात, आणि त्याचा अर्थ तलवार. आपण म्हणतो पोलाद. ते फारसी 'पूलाद'. हाच फारसी शब्द तुर्की टोळ्यांच्या तोंडून रशियात गेला आणि तिथं झाला 'बुलात'. जुन्या दमास्कसी तलवारींच्या लाटालाटांच्या पोलादाला ते बुलात म्हणतात. म्हणजे बघा, रशियन मदतीनं उभ्या राहिलेल्या कारखान्याच्या हिंदी पाटीवर पोर्तुगीज तलवार लटकते आहे; आणि ज्या रशियनांनी तो बांधला, त्यांच्या जुन्या शब्दाचा सख्खा भाऊ मराठी वर्तमानपत्रांच्या मथळ्यात 'भिलाई पोलाद' म्हणून बसलेला आहे. त्यांना ही पाटी वाचून दाखवणारा दुभाषा मराठी असता, तर एक मिनिट तरी हसणं झालं असतं.

भट्टी आणि भाजी यांचंही नातं आहे, हे मला मावशीला सांगायचं होतं पण तिनं ऐकून घेतलं नाही. संस्कृतात भाजण्याचं भांडं ते 'भ्राष्ट्र', त्यापासून भट्टी. भाजीलाही भाजण्याच्याच कुळातली मानतात. कारखान्यात शेकडो टन लोखंड वितळवणारी ती आणि मावशीच्या कढईत चुरचुरणारी ही, दोघी एकाच घरच्या. "मग भट्टीवर जाऊन जेव," मावशी म्हणाली.

रशियन पाहुण्यांची गोष्ट भिलाईत सुरू होत नाही. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन नावाचा त्वेरचा व्यापारी घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला होता. जुन्नर, बिदर फिरला आणि जे दिसलं ते लिहीत गेला: लोक उघड्यानं हिंडतात, गोऱ्या माणसाला बघायला मागं मागं येतात, वगैरे. आपल्याविषयीची ही गमतीदार निरीक्षणं आपल्याला फारशी आवडण्यासारखी नाहीत, म्हणून जास्त वाचावीत. त्यात घोड्यांच्या खुराकात खिचडीचा उल्लेख येतो. रशियन लिपीत पहिल्यांदा उतरलेल्या आपल्या शब्दांमध्ये खिचडी असावी, आणि तीही घोड्यासाठी, यात मला अपमान वाटत नाही. खिचडीला वाटावा.

मी गेलो तेव्हा पोळा तोंडावर आला होता. इथं त्याला पोरा म्हणतात. छत्तीसगढी जिभेला ल नकोसा होतो. केळं ते केरा, फळ ते फर. तसाच पोळ्याचा पोरा. मराठी कानाला मात्र गल्लीभर कुणीतरी 'ए पोरा' म्हणून हाक मारतंय असंच वाटतं. मातीचे चाकांवरचे बैल बाजारात मांडलेले, पोरींसाठी मातीची जाती आणि चुली. पुढे तीज, तिला सासुरवाशिणी माहेरी येणार, म्हणून 'तीजा-पोरा' असा जोडशब्द. मी म्हटलं, "आमच्याकडे श्रावणी अमावास्येला असतो." दाई म्हणाली, "हमर इहाँ भादो मा." दोघं आपापल्या म्हणण्यावर ठाम. दिवस मात्र एकच! त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. एकाच रात्री एकाच काळोखात ती भाद्रपदात उभी होती आणि मी श्रावणात.

बासी मला चौथ्या दिवशी मिळाली. उरलेला भात रात्रभर पाण्यात ठेवायचा, सकाळी मीठ, कांदा, मिरची घेऊन खायचा. त्याच दिवशी पाण्यात घातला तर तो बोरे. बोरना म्हणजे बुडवणं, आपल्या बुडण्याचाच सोयरा. २०२२ मध्ये छत्तीसगढ सरकारनं कामगारदिनी, १ मे रोजी, सगळ्यांना बोरे-बासी खायचं आवाहन केलं होतं, आणि मंत्रीसंत्री वाट्या घेऊन फोटोत बसले होते. आपल्याकडे मंत्र्याला शिळा भात खाताना दाखवण्याचं धाडस कुणी करणार नाही. याचं कारण शब्दात आहे. आपलं शिळं निघालं 'शीतल'पासून: थंड झालेलं, म्हणजे उतरलेलं, कमीपणा आलेलं. बासी निघालं 'वास'पासून, राहण्याच्या अर्थानं. रात्रभर राहिलेला भात. आपल्याकडे रात्री मुक्कामाला थांबणाऱ्या एसटीला 'वस्तीची गाडी' म्हणतात, तसा हा वस्तीचा भात. रात्री मुक्काम केला, सकाळी निघाला. त्यात कमीपणा कसला?

मी तेव्हा तीन रात्रींचा बासी होतो. पहिल्या दिवशी दाईच्या नातवानं मला पाहून आत धावत जाऊन आरोळी ठोकली होती, "सगा आय हे!" मला भरून आलं होतं. आपल्याकडे सगा म्हणजे रक्ताचा. संस्कृत 'स्वक', स्वतःचा. मी मावशीला म्हटलं, बघ, पोरानं लगेच सख्खा म्हटलं. ती म्हणाली, "अरे, सगा म्हणजे पाहुणा. जो कुणी येईल तो सगा." आपल्या शब्दात पाहुणा म्हणजे भटक्या, 'प्राघूर्ण', फिरत फिरत दाराशी आलेला. त्यांच्या शब्दात जो आला तो आपला. एका भाच्याचं कौतुक मात्र याहून मोठं. कौसल्या या प्रदेशाची लेक, म्हणून राम छत्तीसगढचा भांचा. आणि म्हणून इथं मामा भाच्याच्या पाया पडतो. काकांनी हे सांगितल्यावर मी मावशीच्या भावाला, म्हणजे माझ्या नागपूरच्या मामाला फोन करून कळवलं. त्यानं फोन ठेवला.

निघायच्या आदल्या दिवशी काका कारखान्याच्या बाजूनं फिरवायला घेऊन गेले. मैत्री बाग दाखवली. भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून उभी केलेली. मग रुळांची गोष्ट निघाली. देशभरच्या आगगाड्या भिलाईच्या रुळांवरून धावतात. एकशेतीस मीटर लांबीचा अखंड रूळ इथं निघतो, आणि दोन जोडून दोनशेसाठ मीटरचा. मराठीत रेघा मारायचा तो रूळ, रस्ता दाबायचा तो रूळ आणि आगगाडीचाही रूळ. 'रुळणे' मात्र जुनं, देशी. त्याचा आगगाडीशी काही संबंध नाही, बटा कपाळावर रुळतात तसं. "तू बरा रुळलास," काका म्हणाले. मी म्हटलं, "हव."

दाईनं पिशवीभर बिही दिली. दुर्गला गाडीत बसलो तेव्हा ती बिहीच होती. गोंदियानंतर समोरच्या बाकावर बसलेले वर्ध्याचे गृहस्थ पिशवीत डोकावून म्हणाले, "जांब चांगले दिसून राहिले." भुसावळला एका हिंदी भाषक मुलानं आईकडे अमरूद मागितला, त्याला दिला. दौंड येईपर्यंत वास डबाभर पसरला होता. पुण्याला उतरलो तेव्हा पिशवीच्या तळाशी दबलेले, पिकून मऊ झालेले पाच पेरू उरले होते.